नोड, प्रॉपर्टी आणि यंत्राच्या पोटातलं झाड

सभागृहातला प्रोजेक्टर, व्हिडिओ स्विचर, ॲम्प्लिफायर, दिवे ही सगळी उपकरणं एकाच टचपॅनलवरून चालवायची, तर त्या पॅनलमागच्या प्रोग्रामला प्रत्येकाशी बोलता आलं पाहिजे. हे बोलणं कित्येक वर्षं एकाच पद्धतीने चालत आलं. उत्पादक मॅन्युअलच्या शेवटी आज्ञांचा तक्ता छापतो. ही अक्षरं पाठवा, यंत्र सुरू होईल. ती पाठवा, दुसरा इनपुट निवडला जाईल. सीरियल केबल जोडायची, तक्त्यातली ओळ उतरवून घ्यायची, की झालं.

पाच-सहा आज्ञांच्या यंत्राला एवढं पुरतं. पण सोळा इनपुट, सोळा आउटपुट आणि त्या प्रत्येकाला रिझोल्यूशन, आवाज, नाव, एन्क्रिप्शन, लॉक असा सगळा पसारा असलेल्या स्विचरचा तक्ता शेकडो ओळींचा होतो. त्या ओळींचं एकमेकींशी काही नातं नसतं. ‘तुझ्याकडे काय काय आहे?’ असं यंत्रालाच विचारायची सोय नसते. सगळ्यात त्रासाची गोष्ट पुढेच आहे. आज्ञा पाठवल्यावर यंत्राने ती ऐकली का, ऐकून पाळली का, आणि नंतर कोणी समोरच्या बटणाने ती फिरवली का, हे कळायला धड मार्ग नसतो.

झाडाच्या रचनेचे प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांशी बोलायचे ठरलेले नियम, सुरुवातच दुसरीकडून करतात. यंत्राला काय काय सांगता येतं याची यादी ते देत नाहीत. यंत्र या क्षणी कसं आहे याचा नकाशा देतात. हव्या त्या जागी जा, तिथलं वाच, परवानगी असेल तर बदल. नावं नीट लावलेली असतात, शोधायला सोपं जातं, हे फायदे आहेतच. पण मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळी वाटते: ‘मी काय मागितलं’ आणि ‘प्रत्यक्षात काय आहे’ यांची गल्लत या रचनेत टाळता येते. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे. पण आधी शब्द समजून घेऊ.

नोड आणि प्रॉपर्टी

संगणकावरचे फोल्डर आणि फाइली डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वर एक मूळ, त्यात फोल्डर, त्या फोल्डरांत आणखी फोल्डर आणि शेवटी कुठेतरी फाइल, जिच्यात मजकूर असतो. नोड म्हणजे फोल्डर आणि प्रॉपर्टी म्हणजे फाइल. नोडला स्वतःची व्हॅल्यू नसते, तो फक्त जागा दाखवतो: व्हिडिओचा भाग, त्यातला पहिला इनपुट, आवाजाचा भाग, त्यातला तिसरा आउटपुट. प्रॉपर्टीला नाव असतं आणि नावापुढे व्हॅल्यू असते: चालू, बंद, उणे दहा डेसिबल, ‘मुख्य कॅमेरा’. मुळापासून प्रॉपर्टीपर्यंतचा रस्ता लिहून काढला की तो तिचा पाथ. एका यंत्रात एका पाथवर एकच गोष्ट सापडते.

ही उपमा एका जागी तुटते. फाइलमधला मजकूर कोणी बदलेपर्यंत आहे तसा राहतो. प्रॉपर्टीची व्हॅल्यू मात्र यंत्रात खरोखर जे चाललंय त्याला बांधलेली असते. केबल निघाली की ‘सिग्नल आहे का’ या प्रॉपर्टीची व्हॅल्यू कोणी न लिहिता बदलते. पंखा तापला की तापमान बदलतं. त्यामुळे दोन सेकंदांपूर्वी वाचलेली व्हॅल्यू ही दोन सेकंदांपूर्वीची बातमी असते, एवढंच.

लिनक्समध्ये तर ही उपमा शब्दशः खरी आहे. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीपासून लिनक्स कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आपल्या ताब्यातली उपकरणं ‘सिसएफएस’ नावाच्या फाइल सिस्टिममध्ये मांडतो. लिनक्स लॅपटॉपवर /सिस/क्लास/बॅकलाइट या जागी गेलात तर पडद्याच्या प्रकाशाचा एक फोल्डर सापडतो. त्यात ‘ब्राइटनेस’, ‘मॅक्स ब्राइटनेस’, ‘ॲक्चुअल ब्राइटनेस’ अशा फाइली असतात. पहिलीत आकडा लिहिला की पडदा उजळतो किंवा मंदावतो. दुसरी फक्त वाचायची, कमाल मर्यादा सांगणारी. तिसरी हार्डवेअरला विचारून सांगते की या क्षणी प्रकाश खरोखर किती आहे. यातली एकही फाइल डिस्कवर नसते. वाचायला गेलं की त्या क्षणी उत्तर तयार होतं.

सिसएफएसचा एक संकेत आहे: शक्यतो एका फाइलीत एकच व्हॅल्यू. वरवर पाहता हा शिस्तीचा आग्रह वाटतो, पण त्यामागे ठोस कारण आहे. समजा एखाद्या यंत्राने रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट आणि आवाजाचा प्रकार असं सगळं स्वल्पविराम देऊन एकाच प्रॉपर्टीत कोंबलं. आता फक्त रिफ्रेश रेट बदलायचा तर आधी सगळं वाचायचं, त्यातला एक तुकडा बदलायचा आणि पुन्हा सगळं लिहायचं. तुम्ही वाचून लिहीपर्यंतच्या फटीत दुसऱ्या कोणी आवाजाचा प्रकार बदलला, तर तुमच्या लिहिण्याने त्याचा बदल पुसला जातो. कोणाचीच चूक नसते आणि तरी सेटिंग उडतं. एका प्रॉपर्टीत एकच गोष्ट ठेवली की हा घोळ मुळातूनच जातो.

प्रत्यक्ष संवाद कसा दिसतो

हंगेरीतली लाइटवेअर ही व्हिडिओ स्विचर बनवणारी कंपनी. तिचा एलडब्ल्यू३ हा प्रोटोकॉल मी समजावण्यासाठी निवडतो, कारण तो साध्या मजकुरात चालतो आणि डोळ्यांनी वाचता येतो. यंत्राच्या ६१०७ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टला (नेटवर्कवरून आत जायच्या दाराला) कुठल्याही टर्मिनल प्रोग्रामने जोडून घ्यायचं आणि ओळी टाइप करायच्या. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत जातात आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळतात. इथे त्या देवनागरीत लिहितो. मॉडेलनुसार पाथ थोडे वेगळे असतात, घाट तोच.

गेट /.प्रॉडक्टनेम

ही सगळ्यात सोपी ओळ. तिरकी रेघ म्हणजे मूळ, टिंबानंतर प्रॉपर्टीचं नाव. म्हणजे, मुळाशीच असलेली ‘उत्पादनाचं नाव’ ही प्रॉपर्टी दे. उत्तर येतं:

पीआर /.प्रॉडक्टनेम= आणि पुढे मॉडेलचं नाव.

उत्तराच्या सुरुवातीच्या ‘पीआर’ या दोन अक्षरांकडे नीट बघा. ती सांगतात की ही प्रॉपर्टी आहे आणि ती फक्त वाचायची आहे. तिथे ‘पीडब्ल्यू’ आलं असतं तर ती लिहिताही येते असा अर्थ झाला असता. ‘एन-’ आलं तर तो नोड, ‘एम-’ आलं तर ती मेथड. प्रत्येक ओळ स्वतःचा प्रकार सांगूनच येते, त्यामुळे मॅन्युअल हाताशी नसलं तरी गाडं अडत नाही. मला हा या प्रोटोकॉलमधला सगळ्यात देखणा भाग वाटतो.

आता खाली उतरू. ‘गेट /मीडिया/व्हिडिओ’ असं नुसत्या नोडचं नाव देऊन विचारलं तर त्याखालचे नोड येतात: आय१, आय२ (इनपुट), ओ१ (आउटपुट), एक्सपी वगैरे. त्यातल्या एका नोडनंतर टिंब आणि तारा दिला की त्या नोडच्या सगळ्या प्रॉपर्टी समोर येतात. पहिल्या इनपुटला सिग्नल आहे का ते बघायचं तर:

गेट /मीडिया/व्हिडिओ/आय१.सिग्नलप्रेझेंट
पीआर /मीडिया/व्हिडिओ/आय१.सिग्नलप्रेझेंट=ट्रू

‘पीआर’ असणं इथे अगदी स्वाभाविक आहे. सिग्नल आहे की नाही हे केबल ठरवते, तुम्ही-आम्ही नाही. तिथे लिहायला गेलात तर ‘चूक झाली’ अशी सूचना परत येते. आवाज मात्र लिहिता येतो:

सेट /मीडिया/ऑडिओ/ओ३.व्हॉल्यूमडीबी=-१०
पीडब्ल्यू /मीडिया/ऑडिओ/ओ३.व्हॉल्यूमडीबी=-१०.००

सेटचं उत्तर नुसतं ‘ठीक’ असं येत नाही. यंत्र प्रॉपर्टीची आत्ताची व्हॅल्यू परत सांगतं. असं का, ते पुढच्या भागात.

तिसरा प्रकार मेथडचा. मेथड म्हणजे त्या नोडवर करायची कृती. तिच्या नावाआधी टिंबाऐवजी विसर्गासारखी दोन टिंबं येतात आणि ती ‘कॉल’ने चालवायची असते:

कॉल /मीडिया/व्हिडिओ/एक्सपी:स्विच(आय२:ओ१)

एक्सपी म्हणजे क्रॉसपॉइंट, इनपुट आणि आउटपुट जोडणारी जाळी. दुसरा इनपुट पहिल्या आउटपुटला जोड, असा याचा अर्थ. जमलं तर उत्तराच्या सुरुवातीला ‘एमओ’, फसलं तर ‘एमएफ’. जोडणी झाल्यावर कुठल्या आउटपुटला कुठला इनपुट आहे हे त्याच नोडच्या एका प्रॉपर्टीत वाचता येतं. कृती मेथडने करायची आणि परिणाम प्रॉपर्टीत बघायचा, ही वाटणी लक्षात ठेवा.

मागणं वेगळं, असणं वेगळं

पडद्याच्या प्रकाशासाठी लिनक्सने दोन फाइली का ठेवल्या? ‘ब्राइटनेस’ हे तुमचं मागणं आणि ‘ॲक्चुअल ब्राइटनेस’ हे वास्तव. बहुतेक वेळा दोन्ही आकडे सारखे असतात. पण पडदा ऊर्जा वाचवण्यासाठी झोपला असेल किंवा हार्डवेअरला तेवढ्या बारीक पायऱ्या जमत नसतील, तर ते वेगळे पडू शकतात. आणि वेगळे पडतात त्याच वेळी तुम्हाला ते कळायला हवे असतात.

हेच शहाणपण नेटवर्कच्या जगात त्याहून जुनं आहे. राउटर, स्विच, प्रिंटर यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी वापरला जाणारा एसएनएमपी प्रोटोकॉल १९८८ पासून चालत आला आहे. त्याचंही झाड आहे, फक्त पाथ नावांऐवजी आकड्यांचा. यंत्राचं नाव वाचायचं तर १.३.६.१.२.१.१.५.० असं विचारायचं. भयंकर दिसतं, पण प्रत्येक आकडा ही एक फांदी आहे. सुरुवातीचे चार आकडे इंटरनेटपर्यंत नेतात, पुढचे दोन व्यवस्थापनाच्या प्रमाणित शाखेत, मग १ म्हणजे ‘सिस्टिम’ गट, ५ म्हणजे त्यातलं नाव, आणि शेवटचं शून्य म्हणजे ‘ही एकच आहे, टेबल नाही’. यंत्रावरचे केबल लावायचे पोर्ट मात्र अनेक असतात, म्हणून त्यांचं टेबल असतं. त्या टेबलात सातवा आणि आठवा असे दोन स्तंभ शेजारी शेजारी आहेत. सातवा म्हणजे ‘ॲडमिन स्टेटस’: प्रशासकाने पोर्ट चालू ठेवायला सांगितलंय की बंद. हा लिहिता येतो. आठवा म्हणजे ‘ऑपरेशनल स्टेटस’: पोर्ट प्रत्यक्षात चालू आहे की बंद. हा फक्त वाचायचा.

आता हे दोन आकडे एकत्र वाचा. दोन्ही ‘चालू’, तर सगळं ठीक. दोन्ही ‘बंद’, तर कोणीतरी मुद्दाम बंद केलंय, पळापळ करू नका. मागणं ‘चालू’ आणि असणं ‘बंद’, तर केबल निघाली आहे किंवा पलीकडचं यंत्र मेलं आहे, उठा. एकाच प्रॉपर्टीत ‘बंद’ एवढंच लिहिलेलं असतं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रसंगातला फरक ओळखता आला नसता. रात्री कोणाला उठवायचं आणि कोणाला झोपू द्यायचं हे ठरवणारी माहिती त्या दोन स्तंभांच्या तफावतीत आहे.

एमक्यूटीटी या उपकरणांमधल्या निरोपांच्या प्रोटोकॉलवर बांधलेल्या ‘होमी’ या संकेतात हीच वाटणी आणखी उघडपणे दिसते. तिथे पाथ उपकरण, नोड, प्रॉपर्टी असा उतरतो. दिव्याची प्रखरता बदलायची तर प्रॉपर्टीच्या पाथवर थेट लिहायचं नसतं, त्याच्यापुढे ‘/सेट’ जोडून तिथे आपलं मागणं ठेवायचं. उपकरण ते वाचतं, अंमल करतं आणि मग स्वतः मूळ पाथवर नवी व्हॅल्यू जाहीर करतं. मूळ पाथवर बोलायचा हक्क फक्त उपकरणाचा. म्हणून तिथे जे दिसतं ते यंत्राच्या तोंडून आलेलं असतं.

म्हणूनच एलडब्ल्यू३मध्ये सेटच्या उत्तरात व्हॅल्यू परत येते. समजा एखाद्या ॲम्प्लिफायरचा आवाज अर्ध्या डेसिबलच्या पायरीने हलतो आणि तुम्ही उणे १०.३ मागितलं. यंत्र ते जवळच्या पायरीला नेईल. तुमच्या पॅनलने स्वतः पाठवलेला आकडाच पडद्यावर दाखवला, तर पॅनल आणि यंत्र दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतील. शिवाय काही यंत्रांत तोच आवाज डेसिबलमध्ये आणि टक्क्यांत असा दोन प्रॉपर्टींत असतो. एक लिहिली की दुसरीही सरकते. पॅनलवरचं बटण दाबताक्षणी रंग बदलावा असा मोह होतो आणि ते दिसायलाही छान दिसतं. पण बटणाचा रंग यंत्राच्या उत्तरावरून बदलायला हवा. दाबल्यावर ‘पाठवलंय’ एवढंच दाखवा आणि उत्तर आलं की खरा रंग. या नियमाला मी अपवाद करत नाही.

कृती लिहून होत नाही

मग मेथड कशाला? सगळंच प्रॉपर्टीने का भागवू नये? काही यंत्रांत तसा प्रयत्न दिसतो: ‘रीबूट’ नावाची प्रॉपर्टी, तिच्यात एक लिहिलं की यंत्र पुन्हा सुरू होतं. चालतं, पण त्या प्रॉपर्टीत वाचल्यावर काय दिसायला हवं? एक? शून्य? रीबूट ही यंत्राची स्थिती नाही, ती घडणारी घटना आहे. तिला प्रॉपर्टीचे कपडे घातले की वाचणारा गोंधळतो.

ओळखायची एक सोपी कसोटी आहे. तोच संदेश दोनदा गेला तर फरक पडतो का? ‘आवाज उणे दहा कर’ दोनदा गेलं तरी आवाज उणे दहाच. ‘आवाज एक पायरी वाढव’ दोनदा गेलं तर दोन पायऱ्या. ‘चालूचं बंद, बंदचं चालू कर’ दोनदा गेलं तर पहिल्यासारखंच. हे पुस्तकी वाटेल, पण नेटवर्कवर रोज घडतं. उत्तर वेळेत आलं नाही म्हणून प्रोग्राम तोच संदेश पुन्हा पाठवतो. पहिला संदेश पोचलेला असतो, हरवलेलं असतं ते फक्त उत्तर. संदेशात इच्छित स्थिती असेल तर काही बिघडत नाही. उलटापालट करणारा संदेश असेल तर प्रोजेक्टर लागतो आणि लगेच विझतो. म्हणून जिथे निवड असेल तिथे स्थिती सांगणारा मार्ग घ्यावा, आणि पायरी किंवा उलटापालट यांचा संदेश आपोआप पुन्हा पाठवू नये.

उलट, काही गोष्टी स्थितीसारख्या दिसत असल्या तरी कृतीने बदलणंच योग्य असतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिली आवृत्ती आलेलं ‘मॅटर’ हे घरगुती उपकरणांचं मानक याचं चांगलं उदाहरण आहे. त्यातल्या पायऱ्या नोड, एन्डपॉइंट, क्लस्टर, ॲट्रिब्यूट अशा आहेत. तिथे ‘नोड’ म्हणजे नेटवर्कवरचं अख्खं उपकरण आणि आपण ज्याला प्रॉपर्टी म्हणतोय ते ॲट्रिब्यूट, एवढं ध्यानात ठेवलं की बाकी झाड ओळखीचंच. दिव्याची ‘चालू-बंद’ स्थिती हे ॲट्रिब्यूट मॅटरमध्ये फक्त वाचता येतं. दिवा लावायचा तर ‘ऑन’ ही आज्ञाच द्यावी लागते. प्रखरतेचंही तसंच: सध्याची पातळी वाचायची आणि बदलायला ‘अमुक पातळीला जा’ ही आज्ञा. कारण त्या आज्ञेबरोबर ‘किती वेळात जायचं’ हेही सांगायचं असतं. दिवा दोन सेकंदांत हळूहळू मंद होत असताना सध्याची पातळी सतत बदलत असते. तिच्यात कोणी एक आकडा थेट लिहिला तर तो मागणं ठरेल की असणं, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. थर्मोस्टॅटचं मात्र वेगळं आहे. हवं असलेलं तापमान हे ॲट्रिब्यूट लिहिता येतं, कारण ते निखळ मागणंच आहे. खोलीचं तापमान फक्त वाचता येतं. जाता जाता, तिथे तापमान अंशाच्या शंभराव्या भागात असतं: २१५० वाचलं की साडेएकवीस अंश सेल्सिअस. प्रॉपर्टीचं नाव आणि व्हॅल्यू कळली तरी एकक कळल्याशिवाय काहीच कळलेलं नसतं.

विचारत बसायचं की कळवायला सांगायचं

यंत्राची स्थिती आपोआप बदलते, मग ती आपल्याला कळणार कशी? भाबडा मार्ग म्हणजे दर सेकंदाला विचारत राहायचं. प्रॉपर्टी थोड्या असतील तर निभतं. पन्नास प्रॉपर्टी आणि तीन पॅनल असले तर सेकंदाला दीडशे प्रश्न होतात आणि त्यांतल्या जवळपास सगळ्यांचं उत्तर ‘मघाशी होतं तेच’ असतं. आणि एवढं करूनही दोन प्रश्नांच्या मधे लागून विझलेला दिवा निसटतोच.

झाडाच्या प्रोटोकॉलमध्ये यावर सबस्क्रिप्शन आहे. एलडब्ल्यू३मध्ये ‘ओपन’ आणि नोडचा पाथ पाठवला की त्या नोडची कुठलीही प्रॉपर्टी बदलल्यावर यंत्र आपणहून ‘सीएचजी’ने सुरू होणारी ओळ पाठवतं: पाथ, प्रॉपर्टी आणि नवी व्हॅल्यू. समोरच्या बटणाने कोणी आवाज वाढवला तरी पॅनलला कळतं. नको झालं की ‘क्लोज’.

सबस्क्रिप्शन नोडवर असतं, हे विसरून चालत नाही. ज्याने झाड रचलं त्याने क्षणाक्षणाला हलणारी गोष्ट, म्हणजे आवाजाच्या पातळीचा मीटर वगैरे, शांत प्रॉपर्टींच्याच नोडमध्ये ठेवली असेल, तर नाव बदललेलं कळावं म्हणून मीटरचा सगळा भडिमार झेलावा लागतो. चांगल्या झाडात एकत्र बदलणाऱ्या गोष्टी एका नोडवर असतात.

सबस्क्रिप्शन त्या जोडणीपुरतंच असतं. जोडणी तुटली की तेही गेलं आणि पुन्हा जोडल्यावर ते नव्याने मागावं लागतं. इथे क्रम फार महत्त्वाचा. आधी सगळं वाचून घेतलं आणि मग ओपन केलं, तर त्या दोन्हींच्या मधल्या फटीत झालेला बदल कायमचा हुकतो. म्हणून आधी ओपन, मग गेट. मधे काही बदललं तर एकच व्हॅल्यू दोनदा येईल, त्याने नुकसान काही नाही. शिवाय केबल उपटली गेली तर टीसीपी जोडणी बराच वेळ ‘जिवंत’ दिसत राहू शकते. सीएचजी येत नाही याचे दोन अर्थ होतात: काही बदललं नाही, किंवा ऐकू येणंच बंद झालं. फरक कळावा म्हणून ठरावीक वेळाने एखादी साधी प्रॉपर्टी वाचून बघावी. मॅटरने ही सोय प्रोटोकॉलमध्येच घातली आहे. सबस्क्रिप्शन घेताना किमान आणि कमाल मुदत ठरते, आणि काहीही बदललं नाही तरी कमाल मुदतीच्या आत उपकरणाला हजेरी द्यावी लागते. होमीमध्ये उपकरण अचानक गायब झालं तर एमक्यूटीटीचा ब्रोकरच, म्हणजे निरोप पोचवणारा मधला सर्व्हरच, त्याच्या वतीने ‘हरवलं’ अशी स्थिती जाहीर करतो.

सबस्क्रिप्शन चालू असलं की आणखी एक अडचण उभी राहते. तुम्ही प्रश्न विचारला आणि पुढची आलेली ओळ त्याचं उत्तर असेलच असं नाही; मधेच एखादी सीएचजी टपकते. एलडब्ल्यू३मध्ये यासाठी प्रश्नाआधी चार अंकी हेक्साडेसिमल (० ते ९ आणि ए ते एफ) खूण आणि हॅशचं चिन्ह लावता येतं. उत्तर मग महिरपी कंसात, त्याच खुणेसह येतं, कितीही ओळींचं असलं तरी. कंसातलं तुमच्या प्रश्नाचं, कंसाबाहेरचं यंत्राने आपणहून सांगितलेलं. आणि ओळी वाचताना ओळीच्या शेवटच्या खुणेपर्यंत थांबावं. टीसीपीला ओळी ठाऊक नसतात, तो अर्धी ओळ आत्ता आणि अर्धी नंतर खुशाल देतो.

अनोळखी यंत्र हाताशी आलं की

मॅन्युअल अर्धवट आहे किंवा आवृत्ती जुळत नाही, हा नेहमीचाच अनुभव. झाड असलं की त्याची धास्ती उरत नाही. मुळाशी विचारायचं, जे नोड येतील त्यांच्याशी पुन्हा विचारायचं, असं पानापर्यंत उतरायचं. एसएनएमपीमध्ये याला ‘वॉक’ म्हणतात: ‘गेट-नेक्स्ट’ या एकाच प्रश्नाने, ‘याच्या पुढचं काय?’ असं विचारत अख्खं झाड पायाखालून घालता येतं. सगळं एका फाइलीत साठवून ठेवायचं. पुढे यंत्राचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) बदललं की पुन्हा तोच फेरा मारून दोन फाइली शेजारी ठेवल्या, तर काय आलं आणि काय गेलं ते लगेच दिसतं.

या फेऱ्यात एका गोष्टीवर विसंबू नये: क्रमांकावर. ‘आय२’ म्हणजे मागच्या बाजूचं दुसरं सॉकेट, तिथे आज लावलेला कॅमेरा नव्हे. एसएनएमपीच्या टेबलात तर पोर्टचा क्रमांक यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर बदलल्याची उदाहरणं आहेत. म्हणून तिथे क्रमांकाबरोबर पोर्टचं नावही वाचून पडताळतात.

मग खरा अभ्यास. शक्य तेवढ्या नोडवर सबस्क्रिप्शन घ्यायचं, टर्मिनल उघडं ठेवायचं आणि यंत्राशी हाताने खेळायचं. समोरचं आवाजाचं बटण फिरवा आणि कुठली ओळ उमटते ते बघा. इनपुटची केबल काढा. ‘सिग्नल नाही’ अशी ओळ येईल, आणि काही यंत्रांत त्याआधी ‘केबल जोडलेली नाही’ अशीही एक वेगळी ओळ येते. आता केबल राहू दे आणि पलीकडचा लॅपटॉप झोपवा. ‘जोडलेली’ तशीच राहते आणि फक्त ‘सिग्नल’ जातो. या दोन प्रॉपर्टींतला फरक मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिलेला असतो किंवा नसतोच. पण ‘पडदा काळा आहे’ असा फोन आला की केबल बघायला माणूस पाठवायचा, की लॅपटॉप जागा करायला सांगायचं, हे त्या दोन प्रॉपर्टी शेजारी वाचून जागच्या जागी सांगता येतं.